वाटी घेऊन या

"काका, भात किती खाता?"

"थोडासाच. एक वाटी."

"कुठली वाटी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बावन्नाव्या वर्षी एचबीएवनसी ६.२ आला म्हणून डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, आणि समोरच्या तिशीतल्या मुलीने पाचव्या मिनिटाला माझी विकेट काढली होती. "पुढच्या वेळी घरची वाटी घेऊन या. आमटीची पळी आणि तेलाच्या बरणीतला चमचाही आणा," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "फोडणीला तेल किती घालता?" मी म्हणालो, बायकोला विचारावं लागेल. बायको बाहेर बाकावर बसली होती. "मग त्यांना बाहेर का बसवलंय?"

पुढच्या खेपेला आम्ही दोघं कापडी पिशवीत वाटी, पळी, चमचा घेऊन बसने गेलो. तिने मापाच्या भांड्यातून वाटीत पाणी ओतलं. काठोकाठ भरायला २३० मिली लागलं. तिच्या हिशेबातली वाटी १५० मिलीची. म्हणजे माझी 'एक वाटी' दीड वाटी होती, आणि तीही मी शीग लावून भरतो, हे बायकोने कुणी न विचारता सांगून टाकलं.

त्याच्या दोनेक वर्षं आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे वजनकाट्यावर उभं केलं, उंची विचारली आणि दहाव्या मिनिटाला हातात छापील तक्ता ठेवला. सकाळी ओट्स, अकरा वाजता ग्रीन टी, दुपारी ब्राउन ब्रेड, रात्री ऑलिव्ह ऑइलमध्ये परतलेली ब्रोकोली. तो तक्ता आमच्या फ्रीजवर गणपतीच्या चुंबकाखाली अकरा दिवस टिकला. नंतर कळलं, सोलापूरच्या मेहुणीलाही तोच तक्ता मिळाला होता. फक्त नाव वेगळं होतं, आणि तिला तर थायरॉइड आहे.

हे दोन अनुभव शेजारी ठेवले की कुणाकडे जावं ते बऱ्यापैकी कळतं. पहिल्या भेटीत आहारतज्ज्ञ किती सांगतात यापेक्षा किती विचारतात ते बघा. कामाची वेळ कुठली, डबा कोण करतं, किती वाजता झोपता, दात नीट आहेत का, पोट साफ होतं का, उपवास कुठले, घरात आणखी कुणाला मधुमेह, 'कधीतरी' म्हणजे आठवड्यातून किती वेळा. कालच्या चोवीस तासांत उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, हे त्या तुमच्याकडून वदवून घेतात. ही त्यांच्या शास्त्रातली रुळलेली पद्धत आहे. तक्ता यायला हवा तो या सगळ्यानंतर, आणि नाही आला तरी बिघडत नाही. मला पहिल्या महिन्यात तक्ता मिळालाच नाही, दोन बदल मिळाले. भाताची वाटी बदला, आणि संध्याकाळी साडेसहाच्या चहाबरोबरच्या खारीच्या जागी मूठभर फुटाणे.

आता माणूस शोधायचा कसा? 'डाएटिशियन', 'न्यूट्रिशनिस्ट', 'वेलनेस कोच' या पाट्या आपल्याकडे शेजारी शेजारी लागतात, आणि सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून कुणीही तिसरी पाटी लावतं. पहिल्यांदा शिक्षण विचारा. आहारशास्त्रातली पदवी, त्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि रुग्णालयातली उमेदवारी, हा सरळ रस्ता. मुंबईत एसएनडीटी किंवा निर्मला निकेतनसारख्या संस्थांतून कित्येक वर्षं मुली हे शिकून बाहेर पडतात. इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन 'रजिस्टर्ड डाएटिशियन' होता येतं, नावापुढे आर.डी. दिसलं तर ते हे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला, त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आहेत. तरी पाटी वाचून भागत नाही, विचारायचं ते विचारावंच लागतं. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. आपण रंगाऱ्यालासुद्धा आधी कुठे काम केलंस म्हणून विचारतो.

काही गोष्टी ऐकू आल्या की मात्र चप्पल घालायची. 'महिन्यात दहा किलो नक्की.' 'इन्सुलिन बंद करा, मी सांगते ना.' आणि टेबलावरचा पावडरीचा डबा, जो त्यांच्याकडेच मिळतो आणि ज्याच्याशिवाय त्यांचा आहार पुराच होत नाही. सल्ला देणारा आणि डबा विकणारा एकच असला की सल्ला कुणाच्या फायद्याचा, हे कोडं उरत नाही. औषध कमी-जास्त करणं हे डॉक्टरांचं काम. चांगला आहारतज्ज्ञ तिथे स्वतःहून थांबतो आणि डॉक्टरांना चिठ्ठी देतो.

पैशांचं एक सांगून ठेवतो. सहा महिन्यांचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. दोन भेटींचे पैसे द्या, जमतंय का बघा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. केसपेपर काढून डॉक्टरांकडून तिकडे पाठवून घेता येतं. रांग असते, पण ज्यांनी एका दिवसात पन्नास पेशंट पाहिलेत त्यांना तुमच्या घरच्या आमटीत डाळ किती असते याचा अंदाज न सांगता असतो.

जायच्या आधी घरी थोडी तयारी करा. तीन दिवस खाण्याची नोंद ठेवा, दोन कामाचे आणि एक रविवार. रविवार वगळणाऱ्यांची नोंद फार सात्त्विक निघते. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. रात्रीपर्यंत ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक आणि भाजी चिरताना तोंडात टाकलेले शेंगदाणे स्मरणातून गेलेले असतात. चहाचे कप साखरेसकट मोजा. सहा महिन्यांतले सगळे रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत. आयुर्वेदिक काढे, मैत्रिणीने दिलेलं कॅल्शियम, पोराची प्रोटीन पावडर, सगळं.

आणि किराण्याची यादी. हे मला आमच्या आहारतज्ज्ञांनी मागितलं तेव्हा नवल वाटलं होतं. नोंदवहीत आपण नकळत थोडं शहाण्यासारखं वागतो, पण वाण्याचं बिल आधीच होऊन गेलेलं असतं. आमचं चार मोठ्या माणसांचं घर. महिन्याला तेल पाच लिटर, साखर चार किलो, डाळी आणि कडधान्यं मिळून चार किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या दोन हजार किलोकॅलरीच्या ताटात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत (मांसाहारी घरात त्यातला काही वाटा अंडी, मासे, चिकनचा), ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप. चौघांचा महिन्याचा गुणाकार तिने आमच्यासमोर केला. डाळी-कडधान्यं दहा किलोच्या वर हवीत, आमच्याकडे येतात चार. तेल साधारण साडेतीन लिटर पुरायला हवं, आमच्याकडे पाच, आणि तूप वेगळं. साखर माणशी रोज तेहतीस ग्रॅम पडत होती, म्हणजे चहाचे आठेक चमचे. घरात 'आम्ही गोड फारसं खातच नाही' म्हणणारे चौघं.

डाळीच्या आकड्यावर जरा थांबतो, कारण आपल्या शाकाहारी घरांचं दुखणं तिथेच असतं. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. तीस ग्रॅम कच्च्या डाळीत प्रथिनं सातेक ग्रॅम. पण आपलं रोजचं वरण म्हणजे पुष्कळ पाणी, हळद, हिंग आणि थोडी डाळ. 'वरण-भात रोज असतो, मग प्रथिनं कशी कमी?' या प्रश्नाचं उत्तर पळीने भांड्याचा तळ ढवळला की मिळतं. नाश्त्याला पोहे, दुपारी पोळी-बटाटा, संध्याकाळी चहा-खारी, रात्री पातळ आमटी-भात, असा दिवस गेला तर पन्नासाची निम्मी वाटचाल होताना मारामार. त्यावर पावडर आणायची गरज नसते. आमच्याकडे वरण घट्ट झालं, पोह्यांत मोडाची मटकी किंवा वाफवलेले मटार आले, दुपारी वाटीभर दही आलं, आठवड्यातून दोन रात्री पिठलं-भाकरी आणि दोनदा उसळ हेच मुख्य जेवण ठरलं. ज्यांच्या मूत्रपिंडाचं दुखणं आहे त्यांनी मात्र हा परिच्छेद स्वतःला लावून घेऊ नये. त्यांची प्रथिनं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतात.

खरं तर आहारतज्ज्ञ लागतो तो अशाच ठिकाणी. काय चांगलं आणि काय वाईट हे आजीलाही माहीत होतं. कुणाला काय बाधतं, आणि कुठल्या गोळीबरोबर काय चालत नाही, हे व्हॉट्सॲपच्या गटावर कळत नाही. पालेभाजी चांगलीच, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्या माणसाने एक आठवडा पालकाचा मारा आणि पुढचा आठवडा बिनपाल्याचा असं केलं तर रक्ताचं गणित बिघडतं. त्याने प्रमाण स्थिर ठेवायचं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. पुष्कळ बायका दोन्ही सकाळी एकदमच गिळतात, 'विसरायला नको' म्हणून. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर नक्कीच. हिमोग्लोबिन कमी असणारी बाई नाचणी, पालेभाजी, खजूर सगळं खाते आणि जेवण उरकलं की लगेच कपभर चहा घेते. त्या चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा तासभर पुढे ढकलायचा आणि पालेभाजीवर लिंबू पिळायचं, खर्च शून्य.

'लो सोडियम' मिठाचंही तसंच. रक्तदाब आहे म्हणून मुलगा कौतुकाने आणतो. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्या किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं. घरात एकाला उपकारक आणि दुसऱ्याला घातक अशी ती पिशवी एकाच बरणीत ओतली जाते.

आणि वजनाचं. 'मी बारीकच आहे, मला काय गरज?' असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलीच एक गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. काटा एक सांगतो आणि पोट दुसरं. म्हणून आपल्याकडे २३ च्या वर बीएमआय गेला की जादा वजन धरतात, २५ पासून लठ्ठपणा. आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या वर गेला की सावध करतात. तुमच्या आहारतज्ज्ञांच्या टेबलावर वजनकाटा आहे आणि मोजपट्टी नाही, तर विचारा.

आपल्या राज्यात या विषयावर बोलायचं आणि 'दीक्षित की दिवेकर' टाळायचं हे शक्य नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच खा, ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं दर दोन तासांनी. मध्यंतरी लग्नाच्या पंगतीत माणसं यावरून गट पाडून बसत. माझं मत विचाराल तर दोघांनी घराघरांत खाण्याविषयी विचार सुरू केला हे मोठंच काम झालं. पण दोघांपैकी कुणीही तुमचा रिपोर्ट पाहिलेला नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी घेऊन कुणी मनानेच दोन वेळांवर आलं, तर दुपारी चारला घाम फुटून चक्कर येऊ शकते. पद्धत आवडत असेल तर जरूर करा, पण ती घेऊन आहारतज्ज्ञांकडे आणि डॉक्टरांकडे जा. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा आधी बसवून घ्या.

उपवासांनाही हेच लागू. आपल्याकडची आहारनोंद चतुर्थी आणि एकादशी लपवते, कारण आपल्याला वाटतं 'त्या दिवशी काही खातच नाही'. खातो ना. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वरून तूप. आमच्या मातोश्री ऐंशीच्या, आठवड्याला दोन उपवास, मधुमेह वीस वर्षांचा. मी धास्तावून त्यांना घेऊन गेलो होतो, ही मुलगी उपवास सोडायला सांगणार आणि घरात महाभारत होणार म्हणून. तिने विचारलं, "आजी, राजगिरा चालतो ना तुम्हाला? शिंगाड्याचं पीठ? दही, ताक, शेंगदाणे?" आणि साबुदाण्याची खिचडी आठवड्यातून दोनदावरून महिन्यातून एकदावर आणली, बाकीच्या दिवशी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही. सकाळच्या गोळीचं उपवासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगितलं. आई बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी शहाणी आहे." तिच्या तोंडून हे मी माझ्या बायकोबद्दलही ऐकलेलं नाही.

पहिल्या भेटीनंतर उत्साह असतो. गळती लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. पाहुणे आले, लग्न निघालं, पाऊस लागला, भजी झाली. मग तोंड कसं दाखवायचं म्हणून माणसं फॉलोअपच टाळतात. मी टाळला होता. नंतर गेलो तेव्हा डोक्यात शाळेतला न केलेला गृहपाठ होता. तिने फक्त विचारलं, "कुठल्या वेळेला जमत नाही?" मला रात्रीचं जमत नव्हतं. घरी यायला साडेनऊ होत, तोवर भूक अशी की ताट मोजायचं भान राहत नसे. मग सहा वाजता ऑफिसात खायचा दुसरा छोटा डबा सुरू झाला, उकडलेली अंडी किंवा उसळ. साडेनऊची भूक आपोआप निम्मी झाली. तक्ता मोडतो तिथेच खरी माहिती असते, आणि ती फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून जमलं नाही त्या आठवड्याची नोंद जास्त नीट ठेवा. फोटो काढून पाठवायची सोय असेल तर ताटाचा काढा, दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावरचाही.

तपासण्यांची घाई नको. एचबीएवनसी हा रक्तातल्या साखरेच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरीचा आरसा. लाल पेशीचं आयुष्यच १२० दिवसांच्या आसपास. पंधरा दिवसांत तो तपासून हिरमुसण्यात अर्थ नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. आणि वजन हललं नाही म्हणून सगळं फुकट गेलं असंही नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं बदललेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही त्यांचं वजन फारसं न उतरता. माझं वजन वर्षात साडेतीन किलोच उतरलं. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला आणि एचबीएवनसी ५.८ वर आला.

हे नातं वर्षानुवर्षांचं असतं, पण दर महिन्याला जावं लागत नाही. आयुष्याने वळण घेतलं की जायचं. नोकरीची पाळी बदलली, पाळी जायचं वय आलं, नवी गोळी सुरू झाली, कवळी बसली, मुलगी गरोदर राहिली, घरातला स्वयंपाक करणारा माणूस बदलला. या शेवटच्या कारणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येऊ लागल्या आणि दोन महिन्यांत तेल पुन्हा पाच लिटरवर गेलं. त्यांना दोष कसला द्यायचा, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग बायकोने तेलासाठी छोटी वेगळी बाटली केली, आठवड्याचं तेल सोमवारी त्यात भरायचं आणि रविवारपर्यंत पुरवायचं. मावशींना ते इतकं पटलं की त्यांनी आपल्या घरीही तसंच केलं.

मी आता वर्षातून दोनदा जातो. एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा मार्चच्या अखेरीस, बाजारात हापूस यायच्या सुमारास. गेल्या मार्चमध्ये खुर्चीवर टेकताच विचारलं, "आंबा?" ती म्हणाली, "खा ना. मध्यम आकाराचा एक, रस नको, फोडी करून. आणि त्या जेवणात एक पोळी कमी."

"एक म्हणजे अख्खा ना?"

"अख्खा. पण काका, या वेळी आंबा घेऊन येऊ नका मापायला. आणलात तर दोन आणा."